व्हेझलेच्या कमानीखालून मारलेली हाक

"रेवती, आत्ता कुठे आहेस तू?"

"साइटवर. वर, परांचीवर. का गं, शुभाताई?"

"आधी खाली उतर. जमिनीवर आलीस की सांग."

पलीकडे कुणीतरी दगड घासत होतं, तो आवाज थांबला. मग शिडीवर पावलं वाजू लागली, एकेक, अगदी सावकाश. मी न्यू जर्सीत, एडिसनमध्ये दाणीकाकांच्या बैठकीच्या खोलीत फोन कानाला धरून उभी होते. समोर काका आरामखुर्चीत होते. अंगावर शाल, चष्मा छातीवर, टीव्ही आवाज बंद करून चालू. सकाळपासून ते फोन उचलत नव्हते, म्हणून मी माझ्याकडची किल्ली घेऊन आले होते. ड्राइव्हवेतल्या बर्फावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. "उतरले," रेवती म्हणाली. आणि मी तोंड उघडायच्या आत, अगदी हळू, "बाबा?"

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. महाराष्ट्र मंडळाच्या शोकसभेत काकांबद्दल लोक पुष्कळ बोलले. नागपूरहून आलेला हुशार इंजिनिअर, आयुष्यभर न्यू जर्सीतले पूल तपासणारा माणूस, मितभाषी, शिस्तीचा. सगळं खरं. पण मला सांगायचंय ते त्यात आलं नाही, कारण ते इथे घडलंच नव्हतं. ते फ्रान्समधल्या डोंगरावरच्या एका गावात घडलं, आणि तेव्हा काकांच्या सोबत मी एकटीच होते.

मी पुण्याहून व्हिसावर नवीन आले तेव्हा दाणींच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होते. वर्षभरात नोकरी गेली. व्हिसाच्या धास्तीने मी अंथरुणातून उठेनाशी झाले, तेव्हा नलूकाकू ताट घेऊन खाली यायच्या आणि मी जेवेपर्यंत पायरीवर बसून राहायच्या. पुढे मी घर घेतलं तेही त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून. त्यांची एकुलती एक मुलगी रेवती. मेडिकलला जाईल असं सगळे धरून चालले होते, पण ती जुन्या दगडी इमारतींची दुरुस्ती शिकायला गेली आणि फ्रान्समध्येच रमली. काकांना ते आवडलं नव्हतं, तरी त्यांनी अडवलंही नाही. "दगडाला जगवते म्हणे," एवढंच म्हणायचे.

मग काकू अचानक आजारी पडल्या. आयसीयूतून काकांनी रेवतीला फोन केला, "ये." ती म्हणाली, "दोन दिवसांत निघते, बाबा." ती पोचली तेव्हा काकू जाऊन एक रात्र उलटली होती. दारात बॅग घेऊन उभ्या असलेल्या मुलीकडे काका बघत राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "आता आली नसतीस तरी चाललं असतं." मी तिथेच होते. दिवस झाले तशी रेवती परत गेली, आणि त्यानंतर बापलेकीत बोलणं उरलं नाही. वाढदिवसाला एक मेसेज, त्याला एक उत्तर, बस्स. अशी तीनचार वर्षं गेली.

गेल्या वर्षी काकांच्या हृदयाची एक झडप अरुंद झाल्याचं निघालं. ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांकडून परत येताना गाडीत काका म्हणाले, "शुभा, तू ऑफिसच्या कामाने लवकरच पॅरिसला जाऊन राहिलीस ना? मलाही घेऊन चल. व्हेझले पाहायचं आहे. तिथल्या चर्चच्या कमानी फार जुन्या आहेत." मी गाडी चालवत होते. त्यांच्याकडे पाहिलं नाही. व्हेझलेला कोण काम करतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. डॉक्टरांनी "फिरा, पण चढ चढू नका" असं बजावून परवानगी दिली. विमानात बसल्यावर काका मिश्कीलपणे म्हणाले, "गाव डोंगरावर आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही." मला हसू आलं नाही. रेवतीला कळवायचं नाही, अशीही त्यांची अट होती.

व्हेझले म्हणजे एका टेकडीच्या पाठीवरून वर जाणारा एकच रस्ता. दोन्ही बाजूंना जुनी दगडी घरं, फरशीत मध्येमध्ये ठोकलेले पितळी शिंपले, कारण इथून यात्रेकरू पायी स्पेनकडे निघतात, आणि सगळ्यात वर मेरी मॅग्डलिनचं प्रचंड चर्च. खाली द्राक्षमळे, हिरवी दरी, आभाळात चिरकत फिरणाऱ्या पाकोळ्या. मला मात्र दिसत होते फक्त काकांचे ओठ. ते निळसर तर होत नाहीत ना, एवढंच मी बघत होते. दम लागला की काका थांबायचे, पण दम लागलाय असं कबूल करायचे नाहीत. एखाद्या घराचं कौतुक सुरू करायचे. "ही खिडकी पाहा. मधला दगडी दांडा किती बारीक, पण सगळा भार दोन्ही अंगांनी काढून दिलाय." पुढे एका दारापाशी, "खाली तळघर आहे, कमानीचं. यात्रेकरू झोपायचे त्यात." पुढे एक कोनाडा, एक कोरलेली पट्टी, भिंतीला दिलेला एक तिरपा टेकू... त्या चढावर गावाचं सगळं शिल्प मी असं काकांच्या तुटणाऱ्या श्वासांतून पाहिलं. वर पोचलो तेव्हा त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो जड झाला होता.

चर्चमध्ये शिरताना आधी एक मोठा अंधारा ओसरीसारखा भाग लागतो. आतल्या दारावर अर्धगोल कोरीव काम आहे. मध्ये भव्य ख्रिस्त, त्याच्या बोटांतून शिष्यांकडे जाणारे किरण, आणि कडेला जगाच्या टोकाला राहणारी माणसं. कुणाचे कान सुपाएवढे, कुणाचं तोंड कुत्र्याचं, कुणी इतके बुटके की घोड्यावर चढायला शिडी लावलेली. "हे आपण बरं का," काका म्हणाले. "यांच्या हिशेबाने आपण असेच दिसत असू." तेवढ्यापुरते ते खुशीत आले. पण दारातून आत पाऊल टाकलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

आत लांबच लांब दालन. वर एकामागून एक कमानी, प्रत्येकीत एक दगड फिका, एक गडद. शेवटी उजेडाने भरलेला पांढराशुभ्र गाभारा. कुणाचंही लक्ष त्या उजेडाकडे जाईल. काका मान वर करून कमानींकडेच बघत होते. "बसल्यात," ते पुटपुटले. "शुभा, नीट पाहा. गोल नाहीत त्या. मधून दबल्यात. भिंती बाहेर कलल्यात." एकदा सांगितल्यावर मलाही ते दिसलं, आणि मग दिसायचं थांबेना. आणि त्यांतल्याच एका दबलेल्या कमानीखाली, लोखंडी परांचीवर, पांढरं हेल्मेट घालून रेवती दगडाच्या फटीतला जुना चुना खरवडत होती. खाली जाळी, कुंपण. तिचं लक्ष नव्हतं.

काका बाकावर बसले. हाक मारतील म्हणून मी वाट पाहिली. ते नुसते बघत राहिले, कधी मुलीकडे, कधी कमानीकडे. संध्याकाळी आम्ही गावातल्या मुक्कामाच्या जागी परतलो तेव्हा ते जेवले नाहीत. "तो तिसरा दगड हलतोय," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा तिथेच. कुंपणाच्या आत, फरशीवर, बोटभर लांबीचे दगडाचे कपचे पडले होते आणि पांढरी पूड. काल तिथे काही नव्हतं. काकांनी राखणदाराला बोलावलं, वर बोट दाखवलं, इंग्रजीत समजावू लागले. त्याने ओठांवर बोट ठेवलं. काकांचा आवाज चढला. त्याने पुन्हा बोट ठेवलं, या वेळी जरा रागाने. इतक्यात वरून आणखी एक बारीक खडा टपकला. जाळीवर टप्प असा आवाज झाला. आणि काका ओरडले.

"रेवा! खाली उतर! आत्ताच्या आत्ता खाली उतर!"

ती हाक त्या कमानींखालून गाभाऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. प्रार्थनेला बसलेली माणसं वळून बघू लागली. वर रेवतीचा हात थांबला. तिने खाली वाकून पाहिलं. इतक्या वर्षांनी बापाच्या तोंडून ऐकलेला पहिला शब्द, आणि तोही हुकूम.

ती उतरली ती संतापूनच. आम्हाला बाहेर ओसरीत, त्या कोरीव दाराखाली घेऊन आली. "बाबा, व्हॉट आर यू डूइंग हिअर? हे माझं वर्कप्लेस आहे!"

"कमान उतरून राहिली आणि तू तिच्याखाली बसून तिलाच खरवडून राहिलीस."

"ती नऊशे वर्षं तशीच आहे! आणि ते कपचे मीच काढतेय. मधल्या काळात कुणीतरी फटींत सिमेंट भरलं होतं, ते काढून चुना भरायचाय."

"तिसरा दगड पोकळ आहे."

"तुम्हाला खालून कसं कळलं?"

"पाहिल्यावर कळतं."

"नाही कळत. पाहायचं असेल तर वर यावं लागतं." ती एक पाऊल पुढे आली. "कधीच आला नाहीत तुम्ही. या ना आता. या वर."

काका परत आत, शिडीकडे चालू लागले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की गप्प राहा. मी गप्प राहिले नाही. "रेवती, पुढच्या महिन्यात काकांचं हार्टचं ऑपरेशन आहे. त्यांना हा रस्ता चढणंसुद्धा मना होतं." काकांनी मान फिरवली. रेवती जागीच उभी राहिली. रागाचा रंग तिच्या चेहऱ्यावरून उतरत गेला आणि तिथे नुसती भीती राहिली. आता ती त्यांना परत पाठवणार, असं मला वाटलं. पण ती वळली आणि तिच्या वरिष्ठ बाईंकडे गेली. दोघींचं फ्रेंचमध्ये बरंच चाललं. बाई नाही म्हणत होत्या. रेवती विनवत होती. शेवटी बाईंनी काकांकडे एकदा नीट पाहिलं आणि स्वतःचं हेल्मेट काढून त्यांच्या हातात दिलं.

दगड वर चढवायची एक छोटी लिफ्ट होती. तिच्यात दोघं उभे राहिले. लोखंड करकरत वर जाऊ लागलं. मी खाली, खिशातल्या त्यांच्या गोळ्यांच्या डबीवर हात ठेवून. वर काय बोलत होते ते ऐकू येईना. मग लाकडी हातोडीचा ठोका ऐकू आला. शांतता. पुन्हा ठोका, थोडा पुढे. खणखणीत. पुन्हा खणखणीत. मग एक बद्द आवाज, मडकं फुटकं असल्यासारखा. बराच वेळ काहीच नाही. तेवढ्यात माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते लिहवत नाही... मग त्याच जागी दुसरा ठोका पडला, हलक्या हाताचा. रेवतीचा असावा. तोही बद्द.

वर काय बोलणं झालं ते रेवतीने मला परवा सांगितलं. तो दगड खरंच पोकळ होता. काका बरोबर होते, आणि कमान भक्कम होती, म्हणजे रेवतीही बरोबर होती. मग ती त्यांना फळीच्या टोकाला घेऊन गेली, शेजारच्या कमानीपाशी. "आईच्या वेळी तुमचा फोन आला तेव्हा मी इथे होते," म्हणाली. "वरचे दगड सुटे केलेले. लाकडी आधारावर सगळा भार. मधला दगड बसवायचा होता आणि ते माझ्याशिवाय कुणाला येत नव्हतं." काकांनी खिशातून चष्मा काढला. सांधा पाहिला, बोट फिरवून पाहिला, आधाराच्या खुणा पाहिल्या, भार कुठून कुठे जातो ते पाहिलं. एखाद्या पुलाखाली उभे असल्यासारखे, अजिबात घाई न करता. आणि म्हणाले, "हे अर्धवट सोडून येता आलं नसतं."

"मला सॉरी नको होतं, शुभाताई," रेवती म्हणाली. "त्यांनी तो जॉइंट पाहावा, एवढंच हवं होतं."

ऑपरेशनच्या वेळी रेवती आली, महिनाभर राहिली. काका बरे झाले. मग दर रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल असायचा. ती फोन दगडाजवळ धरायची, हातोडी मारायची, आणि काका एडिसनमधून सांगायचे, "चांगला आहे. पुढचा." हे सगळं हिवाळ्यापर्यंत चाललं.

आणि मग ती सकाळ. वादळामुळे विमानं रद्द होत होती. रेवती दुसऱ्या दिवशी रात्री उतरली. नेवार्कच्या विमानतळावर मी तिला घ्यायला गेले. घरी माणसं जमलेली. कुणाच्या तोंडून काय निघेल याचा नेम नव्हता. गाडीत पट्टा लावता लावता ती म्हणाली, "परत उशीर झाला मला."

तेव्हा मी तिला सांगितलं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ती कॉफी आणायला गेली असताना काकांनी माझा हात धरला होता. म्हणाले होते, "माझं काही बरंवाईट झालं आणि ती तेव्हा तिकडे असली, तर तिला पोचायला वेळ लागेल. लागू दे. तिला घाई करायला लावू नका. आली की आधी जेवायला वाढ. दारात तिला कुणी काही बोललेलं मला चालणार नाही."

घर येईपर्यंत रेवती खिडकीबाहेर बघत राहिली.

घरात शिरताच एक मावशी पुढे झाल्या. "अगं बाई, थोडं आधी निघाली असतीस तर..." मी मध्येच म्हटलं, "मावशी, ती जेवून घेऊ दे." आणि तिला सरळ स्वयंपाकघरात नेलं. गॅसवर भात तयार होता. वरण करायला माझ्याकडे वेळ नव्हता म्हणून मी काकांचा फ्रीझर उघडला होता. काकू गेल्यापासून ते एकटेच स्वयंपाक करायचे. रविवारी मोठं पातेलंभर वरण करून डब्यांत भरून ठेवायचे. त्यातला एक डबा काढून मी ते गरम केलं, वर तूप घातलं, ताट तिच्यासमोर ठेवलं.

पहिल्या घासालाच तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. बाहेर माणसांचं हळू आवाजातलं बोलणं चालू होतं. ती खाली मान घालून जेवत राहिली, सावकाश, एकही शीत न सोडता. मग ताट पुढे करून म्हणाली, "आणखी आहे?"

"आहे," मी म्हटलं, आणि वाढलं.