उत्तरासाठी अडलेला प्रोग्राम

पुण्याच्या कंपनीचं काम घरून करायची मुभा मिळाली आणि मी आचऱ्याला भावाच्या घरी राहायला आले. थोड्याच दिवसांत मालवण बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीने आपल्या प्रोग्रामची देखभाल माझ्याकडे सोपवली. मासेमारीच्या लाँचींवर बसवलेली यंत्रं आपला ठावठिकाणा उपग्रहामार्फत कळवत. तो वेगवेगळ्या सर्व्हरांवरून गोळा करून नकाशावर ठिपके दाखवायचे, एवढंच त्या प्रोग्रामचं काम. घरोघरच्या बायका तो नकाशा मोबाईलवर बघत. माझा भाऊ एका लाँचीवर तांडेल, म्हणजे लाँच चालवणारा प्रमुख आहे, त्यामुळे वहिनी तर भात शिजत असतानाही तो उघडून बघायची.

त्या दुपारी अचानक वारा वाढला. माडांच्या झावळ्या अंगणात पडू लागल्या. वहिनी मोबाईल घेऊन माझ्या टेबलापाशी आली. दादाची लाँच सकाळपासून जागची हललेली दिसत नव्हती. मी नीट बघितलं, तर एकही ठिपका हलत नव्हता. एवढ्या वाऱ्यात समुद्रावरच्या सगळ्या लाँची एकाच वेळी निश्चल उभ्या राहणं शक्य नव्हतं. मी तिला म्हटलं, प्रोग्राम अडकलाय, लाँची चालत असणार.

"मगे लाँच खंय आसा?" तिने विचारलं.

लाँच कुठे आहे, हे त्या नकाशावरून सांगता येत नव्हतं. तिला मागे बसवून मी स्कूटर मालवणला काढली. वाटभर माझ्या खांद्यावरची तिची पकड सैल झाली नाही.

सोसायटीत चार-सहा बायका आधीच येऊन बसल्या होत्या. सेक्रेटरी वायरलेसवर हाका मारत होते. काही लाँचींनी उत्तर दिलं, त्या मागे फिरल्या होत्या. दादाच्या लाँचीकडून नुसती खरखर येत होती.

मी सोसायटीच्या कॉम्प्युटरसमोर बसले. प्रोग्राम चांगल्या रीतीने लिहिलेला होता. तो कुणासाठी अडून बसत नसे. सगळ्यांना प्रश्न पाठवायचे, ज्याचं उत्तर येईल त्याचं काम उरकायचं, बाकीच्यांची उत्तरं येतील तेव्हा येतील. पण एखाद्या सर्व्हरला प्रश्न पाठवायचा तर आधी त्याच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधावा लागतो. तेवढ्यासाठी मूळ लिहिणाऱ्याने सिस्टिमचं साधं फंक्शन वापरलं होतं, आणि ते उत्तर मिळेपर्यंत अख्ख्या प्रोग्रामला रोखून धरतं. इंटरनेटची लाईन चालू होती, पण नावांचे पत्ते सांगणारा पुरवठादाराचा सर्व्हर मुका झाला होता. एका नावापायी सगळ्यांचे ठिपके गोठले होते.

नीट दुरुस्तीला वेळ नव्हता. मी माझ्या मोबाईलच्या नेटवरून सर्व्हरांचे पत्ते शोधले, फाईलमध्ये हाताने भरले आणि प्रोग्राम पुन्हा चालू केला. ठिपके एकदम उड्या मारत किनाऱ्याकडे सरकले. एक सोडून. दादाच्या लाँचीचा शेवटचा निरोप सकाळचाच होता. इतरांचे ठिपके खोटे थांबले होते, त्याचा खरोखरच थांबला होता, आणि त्या गर्दीत तो कुणाला वेगळा दिसला नव्हता.

मी हे वहिनीला सांगितलं. लपवणं मला जमलं नसतं. ती खुर्चीवरून उठली आणि बाहेर धक्क्यावर जाऊन उभी राहिली. मी पाठोपाठ गेले, पण थोडी मागेच थांबले. सेक्रेटरींनी परतणाऱ्या लाँचींना ती शेवटची जागा कळवली आणि त्यातली एक पुन्हा वळली.

दिवस कलताना ती लाँच दादाच्या लाँचीला दोरीने ओढत घेऊन आली. पाण्याखालच्या पंख्यात जाळं अडकून इंजिन बंद पडलं होतं, शिवाय पाणी शिरून बॅटरी गेली होती. माणसं धड होती. दोरी धरताना दादाचे तळवे मात्र सोलून निघाले होते. वहिनीने ते उलटेपालटे करून बघितले आणि ती पहिल्यांदा रडली.

पुढचे काही दिवस मी पत्ते शोधण्याचं काम प्रोग्रामलाच शिकवत बसले. आता तो पुरवठादारावर अवलंबून नाही. नावांच्या व्यवस्थेत सगळ्यात वर असलेल्या सर्व्हरला विचारतो, तो खालच्याचं नाव सांगतो, मग त्या खालच्याला विचारतो, असा शेवटच्या पत्त्यापर्यंत पोचतो. प्रत्येक प्रश्न पाठवून बाकीची कामं चालू ठेवतो. पहिल्या खेपेला तो घोळात पडला. या नावाचा पत्ता त्या सर्व्हरकडे, आणि त्या सर्व्हरचा पत्ता पुन्हा या नावाकडे, असा गोल फिरत राहिला. मग किती पायऱ्यांपर्यंत शोधायचं याला मी मर्यादा घातली. प्रत्येक ठिपक्याशेजारी शेवटच्या निरोपाची वेळही टाकली.

हे सगळं दाखवायला मी वहिनीला बोलावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"आता ठिपको थांबलो, तर तो खरोच थांबलो, असा ना?" ती म्हणाली.

मी हो म्हटलं. तिचा चेहरा उजळला नाही; प्रोग्राम अडकला असेल म्हणून धीर धरायची सोय आता उरली नव्हती. त्या दिवसापासून तिने नकाशा बघणं सोडलं. दादाने समुद्र सोडावा म्हणून ती त्याच्याशी भांडली, तो ऐकून घेत राहिला आणि तळव्यांच्या जखमा भरल्यावर पुन्हा लाँचीवर गेला. ती निरोप द्यायला बंदरावर गेली नाही. मागच्या पडवीत कोकमं निवडत बसली, आणि मीही माझं काम बाजूला ठेवून तिच्याशेजारी बसले.