पाण्याची हाळी

केंदूरच्या जालिंदरला देवानं दोन गोष्टी भरभरून दिल्या होत्या, आवाज आणि बोलायची हौस. बांधावरून जाणाऱ्या परक्या माणसालाही हा गडी हाक मारून थांबवायचा आणि गाव कुठलं, लेकरं किती, कांदा कसा आला, सगळं वदवून घेतल्याशिवाय सोडायचा नाही. दिवाळी सरली की बिऱ्हाड घोडीवर लादायचं, मेंढरं पुढं घालायची आणि बायको धुरपदासह भीमा ओलांडून राहू गावाकडं उतरायचं, हा त्याच्या बापापासूनचा रिवाज. मोकळ्या रानात मेंढरं बसवायची. लेंड्यांचं खत शेतकऱ्याला, चारा मेंढरांना. गावागावात वीज आली, पण आज इथं आणि परवा तिथं पडणाऱ्या तळाला कोण मीटर देणार?

मेंढरं त्याच्या गळ्याच्या ताब्यात होती. लांब, खाली उतरत जाणारी हाळी पाण्याची. नाकातली, रेंगाळणारी हाळी सांजेला परतायची. आणि एक तुटक, चढी हाळी धोक्याची. ती ऐकली की सगळा कळप होता तिथंच गोळा होऊन थांबायचा. काठी तो नुसती टेकायला बाळगायचा. कळपात भुरी नावाची मेंढी होती. तिची आई मेल्यावर जालिंदरनं तिला बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं. हाळी आली की पहिली धावायची ती भुरी, आणि तिच्यामागं बाकीची.

‘ती तंबाखू सोडा’ म्हणून धुरपदानं जन्मभर सांगितलं, ते पालथ्या घड्यावर पाणी. मग एका वर्षी आवाज बसला तो उठलाच नाही. पुण्याला ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढून टाकलं आणि श्वासासाठी मानेला भोक ठेवलं. नशीबवान आहात, जीव वाचला, असं डॉक्टर म्हणाले. म्हणायला काय जातंय! शीळ घालावी तर तीही जमेना, कारण वारा तोंडापर्यंत येतच नव्हता, मानेतूनच निघून जायचा.

मेंढरं बावचळली. जालिंदरनं टाळ्या वाजवून पाहिल्या, ढेकळं फेकून पाहिली. पण ढेकळानं जनावर हाकलता येतं, बोलावता येत नाही. धुरपदाच्या मागं तळावरची कोकरं आणि चूल, रानात तिच्या हाकेची कळपाला सवय नव्हती.

“इकून टाकू या,” ती एकदा म्हणाली. जालिंदर दोन दिवस जेवला नाही.

अशात त्याचा भाचा विश्वजीत मोटरसायकलवरून तळावर आला. रांजणगावच्या कंपनीत शिफ्टला जाणारा हा पोरगा मामावर जीव टाकणारा. त्यानं वहीसारखं मिटणारं, चार पानांचं सोलर पॅनल आणलं होतं, आणि एक स्पीकर. मामा भीमेच्या काठी मेंढरांना पाण्यावर बोलावतोय, असा एक जुना व्हिडिओ त्याच्या मोबाइलमध्ये होता, हौसेनं स्टेटसला ठेवलेला. त्यातला आवाज त्यानं स्पीकरात भरला होता.

“मामा, हे घोडीच्या पाठीवर उघडायचं. तुमी चालायचं, आन् चार्जिंग आपोआप व्हत राहतंय. रिमोट खिशात ठेवा, बटण दाबलं की झालं. परत दाबंपर्यंत हाळी चालूच राहतीय.”

त्यानं बटण दाबलं. जालिंदरचा आवाज माळावर गेला, पहिल्यासारखा, गोल आणि मोकळा. धुरपदानं तोंड चुलीकडं फिरवलं. भुरी धावत आली आणि स्पीकरला नाक लावून उभी राहिली. शेजारी उभ्या जालिंदरकडं तिनं पाहिलंही नाही. त्याला ते लागलं, पण रडता रडता तो हसत होता.

मग तो पॅनलला जपू लागला. सकाळी पटक्याच्या शेवानं चारी पानं पुसायची, ऊन फिरेल तशी घोडी फिरवायची. जालिंदरची घोडी डीजे झाली म्हणून पोरं चिडवायची, आणि यालाही ते आवडायचं. सांज असो की तहान, हाळी आता एकच. मेंढरांनी तेवढ्यावर भागवून घेतलं. धोक्याची हाळी मात्र कुणाकडंच नव्हती. धोक्याच्या वेळी व्हिडिओ कोण काढत बसतं?

माघातली दुपार होती. काढलेल्या कांद्याच्या रानात कळप लांबवर पांगला होता आणि जालिंदर अलीकडं, कालव्याच्या कडेला, घोडीपाशी. मधे एका अंगाला उभा ऊस. उसाच्या कडेला त्याला आधी दोन कान दिसले, मग जमिनीला पोट लावून बसलेला बिबट्या. मेंढरं खाली मान घालून उलट्या दिशेला चरत चालली होती. तशीच गेली असती तर बरं झालं असतं.

पण जालिंदर जन्माचा धनगर. त्याचं सगळं अंग ओरडलं. मानेतून नुसता वारा निघाला, आणि जे गळ्यात यायचं ते बोटात आलं. त्यानं बटण दाबलं.

कळपानं माना उचलल्या, आणि वळून मेंढरं उसाच्या कडेनं धावत सुटली. पुढं भुरी. तो काठी फिरवत, हात हलवत त्यांच्याकडं पळाला. रिमोट कुठं पडला ते त्याला कळलंही नाही. मागं घोडीवरून त्याचाच आवाज लाडानं त्यांना पाण्यावर बोलावत होता. त्याच्या डोळ्यांदेखत बिबट्यानं भुरीला मानेला धरलं आणि उसात ओढून नेलं.

धुरपदा धापा टाकत आली. “तुमचा काय दोस न्हाई वो,” ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. दोष होता की नव्हता, हे सांगायलाही त्याच्याकडं तोंड नव्हतं. त्या दिवशी त्यानं मेंढरांना पाण्यावर नेलंच नाही.

दुसऱ्या दिवशी स्वच्छ ऊन होतं, बॅटरी भरलेली होती आणि मेंढरं तहानेनं जिभा काढत होती. जालिंदरनं कालव्यावर उभं राहून, रानात सापडलेल्या रिमोटचं बटण दाबलं. कळपाचे कान उभे राहिले. क्षणभर सगळी मेंढरं थिजली, आणि मग आवाजाकडं पाठ करून उसाच्या ट्रॉल्यांच्या रस्त्याकडं उधळली. जालिंदर मागं पळाला. त्यांना थांबवायला त्याच्यापाशी तोच एक आवाज होता.