चंद्रावरचे वीस गुंठे

सन २००५, दिवाळीचा पाडवा. रक्कम रुपये दोन हजार चारशे. हजर मी, माझी बायको, आठवीतली मुलगी आणि माझा धाकटा भाऊ. त्या दिवशी भावाने पुतणीला चंद्रावरची एक एकर जागा भेट दिली. इंटरनेटवरून परदेशातल्या कोणाला तरी पैसे पाठवून त्याने तिच्या नावाचा रंगीत दाखला मागवला होता आणि धामणकर नाक्यावर फ्रेम करून घेतला होता.

मुलीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. तिचा विषय, माणसाला चंद्रावर वस्ती करता येईल का. तिने आधी मला विचारलं होतं आणि पेपरातून डोकं वर न काढता मी ‘नाही’ म्हणालो होतो. आता फ्रेम छातीशी धरून ती काकाकडे ज्या नजरेने बघत होती, ते मला सहन झालं नाही.

‘‘रस्ता कुठून आहे?’’ मी विचारलं.

सगळे हसले. मी गमतीने विचारलं नव्हतं. वडिलांमागे आम्ही दोघा भावांनी दापोड्याची जमीन वाटून घेतली. वाटे मोठ्याने पाडायचे आणि पहिली उचल धाकट्याने करायची, ही आमच्यातली रीत. मी अकरा-अकरा गुंठे मापून पाडले. एका वाट्याला रस्ता, दुसऱ्यात विहीर. त्याने रस्ता उचलला. पुढे गोडाऊनं आली आणि विहिरीची किंमत गेली. माझा तुकडा मी मिळेल त्या भावाने विकला. त्याला अजून भाडं येतं.

‘‘दादा, रस्ता न्हाय म्हणून तर स्वस्तात भेटली,’’ भाऊ म्हणाला.

माझा तुकडाही याच कारणाने स्वस्तात गेला होता, हे त्याच्या लक्षात नसावं.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन मुलीशेजारी बसलो. मदत करायला नव्हे, काकाची भेट निरुपयोगी आहे हे आकड्यांत दाखवायला. आम्हा तिघांना रोज दोन ड्रम पाणी लागायचं, म्हणजे चारशे लिटर. वर्षाचं झालं एकशे सेहेचाळीस टन. दहा टनी ट्रकच्या पंधरा खेपा, आणि अंतर पावणेचार लाख किलोमीटरच्या वर. शिवाय तिथली रात्र आपल्या चौदा दिवसांची. आमचं लोडशेडिंग बरं म्हणायचं.

‘‘बाबा, तेच पाणी परत वापरलं तर?’’

बायको तांदळाचं पाणी झाडांना घालायची, कपड्यांचं संडासात ओतायची. आम्ही दोन दिवस बादलीने मोजलं. पिण्याला आणि स्वयंपाकाला लागत होतं फक्त पंधरा लिटर. बाकीचं गाळून फिरवता आलं, तर पंधरा ट्रकांचं काम एका टेम्पोवर येत होतं. हवेचा आणि थंडीचा हिशेब राहिलाच होता. तरी जागा खोटी पाडायला बसलेल्या मी ती थोडी राहण्याजोगी करून ठेवली होती.

तक्त्यावर मुलीने शेवटी लिहिलं : ‘वस्ती शक्य आहे, पण आधी रस्ता लागेल.’ वाक्य माझं. त्याखाली : ‘मार्गदर्शक : काका.’

माझं नाव का नाही, असं मी विचारलं.

‘‘तुम्ही तर नाही म्हणाला होतात, बाबा.’’

संध्याकाळी मी दापोड्याला गेलो आणि भावाच्या टेबलावर बाराशे रुपये ठेवले. पैसे कसले, भेट आहे ती, असं तो म्हणत राहिला. अर्धी भेट माझ्याकडून धर, असं मी सांगितलं.

‘‘मंग पाड वाटे. उचलतो मी,’’ भाऊ म्हणाला.

‘‘या वेळी वाटे तू पाड,’’ मी म्हणालो.

तो हसला नाही. त्याने आमच्या घरी फोन लावला आणि अर्धी जागा तुझ्या बाबाची आहे, असं मुलीला सांगितलं.

प्रदर्शनात तक्त्यावर होतं, ‘मार्गदर्शक : काका आणि बाबा.’ मोठा असून माझं नाव दुसरं. पहिली उचल इथेही धाकट्याचीच. फ्रेमपाशी गर्दी होती. पाण्याच्या हिशेबापाशी मी तासाभरात चारच माणसं मोजली, त्यातली एक माझी बायको.

दापोड्यात माझे अकरा गुंठे होते, चंद्रावर अर्धा एकर म्हणजे वीस झाले. त्यांचे शेवटी बाराशे रुपये दिले, रोख, धाकट्या भावाला. त्याने ते मोजून घेतले.