मेहकरची उताराची सडक

मंठाळच्या पिराप्पा धनगराला सायकल येत होती, हे आता सांगितलं तर त्याच्या घरच्या पोरासोरांनाही खरं वाटत नाही. मान खाली घालून मेंढरांच्या मागं धुळीत चालणारा हा म्हातारा, आणि सायकल? काहीतरीच!

पण येत होती. आणि कशी! गावाखालच्या ओढ्यापासून वरच्या माळापर्यंतची चढण तो सीटला न टेकता, उभ्यानं पायडल मारत चढायचा. उतरताना असा सुटायचा की गाडीवाले लांबूनच बैल कडेला घ्यायचे. निजामाचं राज्य होतं तेव्हा. माळावरून नवी सडक नुकतीच झालेली, मैलामैलाला दगड रोवलेले. सडकेवरच्या ओव्हरसियरची गुलबर्ग्याला बदली झाली, त्यानं आपली जुनी सायकल काढून टाकायची ठरवली, आणि आमच्या या बाबानं एक तगडा एडका आणि दोन घोंगड्या देऊन ती घरी आणली. शिकताना बाभळीत पडला, ओढ्यात पडला, एकदा तर पाटलाच्या कडब्याच्या गंजीत घुसला. पण शिकला.

थोरला भाऊ काशाप्पा त्या सायकलीकडं बघायचासुद्धा नाही. "धड पाय असताना चाकं कामून लागतेत रे तुला?" एवढंच म्हणाला. बायको बाणूबाई मात्र पदर तोंडाला लावून हसायची. तिला आवडायचं. नवरा उतारावरून येताना दिसला की हातातलं काम टाकून उभी राहायची.

दोघा भावांची मिळून एकशे ऐंशी मेंढरं होती. दुसरं काही नव्हतं, ना शेत ना घर म्हणावं असं घर. उन्हाळा लागला की कळप घेऊन पाण्याच्या मागं निघायचं, आणि निघायच्या आधी एकानं पुढं जाऊन वाट बघून यायची. हे पुढं जाणं पाच-सहा वर्षं पिराप्पाकडं होतं. या पुढं जाण्याचा एक कायदा होता. पुढं जाणाऱ्यानं पाण्याचं भांडं बरोबर घ्यायचं नाही. मेंढराच्या चालीनं चालायचं, आणि जिथं आपला घसा सुकेल तिथं थांबून पाणी हुडकायचं. हाकेच्या अंतरावर सापडलं तर तिथं मुक्काम, नाही सापडलं तर ती वाट सोडून द्यायची. माणूस परत आला की काशाप्पा बाकी काही विचारत नसे. "तान कुठंकुठं लागली?" एवढंच विचारायचा, आणि त्यावर अख्खा कळप हलवायचा.

त्या साली पाऊस झालाच नाही म्हणावं असा गेला. दरसालची वाट ओढ्याओढ्यानं, वळणं घेत जायची. ते सगळे ओढे फाल्गुनातच कोरडे पडले. मांजरेच्या डोहांत तेवढं पाणी राहिलंय, अशी बातमी आली. मेहकरच्या गुंडेरावांचं रान नदीकाठाला होतं. मेंढरं आणून रानात बसवा, लेंडीचं खत मला, पाणी-पाला तुम्हाला, असा त्यांचा निरोपही आला. आता प्रश्न उरला तो वाटेचा. माळावरच्या नव्या सडकेनं सरळ जाता येईल का?

"बघून ये," काशाप्पा म्हणाला. "चालत जा, पिऱ्या."

"व्हय अण्णा," पिराप्पा म्हणाला, आणि पहाटे सायकल काढली. चालत तीन दिवस जाणार, तीन दिवस येणार, तोवर मेंढरं काय माती खातील? असा त्याचा विचार. वाईट नव्हता विचार, देवाशपथ वाईट नव्हता.

गार पहाटेला तो माळ चढला. वर सपाट माळ, तांबडी मुरमाड जमीन, पाठीला वारा. सडकेच्या कडेला एक विहीर दिसली. बरं झालं, पाणी आहे, असं मनाशी म्हणत तो पुढं निघाला. उतरून आत वाकून काही बघितलं नाही. बघायची गरजच वाटली नाही, कारण तहानच लागली नव्हती. मग उतार लागला. माळ संपून नदीच्या खोऱ्यात उतरणारी ती सडक वळत वळत खाली जाते, आणि खाली लांबवर मांजरेची हिरवी रेघ दिसते. पाय न हलवता सायकल नुसती पळत होती. अंगावरची बंडी वाऱ्यानं फुगलेली. आयुष्यात एवढं सुख त्याला पुन्हा कधी लागलं नाही. ऊन तापायच्या आत तो गुंडेरावांच्या ओसरीवर होता.

परत येताना तोच उतार चढ झाला असता आणि सगळं कळलं असतं. पण नशीब बघा! मेहकराबाहेरच चेन तुटली. सरकीची एक लॉरी कल्याणीकडं जायलेली होती, ड्रायव्हरनं सायकल पोत्यांवर टाकली आणि हा पोत्यांना टेकून झोपी गेला. जाग आली तेव्हा मंठाळचा फाटा.

"तान कुठं लागली?" काशाप्पानं विचारलं.

"कुठंच न्हाई अण्णा. येक हीर हाय वाटंत. म्होरं उतारच हाय समदा."

लॉरीचं सांगितलं नाही. सायकल मोडली म्हटलं असतं तर भाऊ हसला असता, तेवढ्यासाठी नाही सांगितलं. एवढ्यात परत आला म्हणजे सायकलनं गेला, हे काशाप्पानं ओळखलं. पण भावावर विश्वास होता. कळप हलवला. पिराप्पानं चेन गुपचूप सांधून घेतली आणि सायकलही ढकलत बरोबर घेतली.

पहिल्या दिवशी संध्याकाळी विहिरीपाशी पोचले. पिराप्पा पुढं होऊन वाकला. आत चिखल, आणि चिखलात एक मेलेला होला पक्षी.

"ही का तुझी हीर?" काशाप्पा म्हणाला. मागं फिरावं तर मागंही पाणी दिवसभराच्या वाटेवर. पिराप्पा म्हणाला, "उतार लागला की नदी आलीच अण्णा." आणि त्याला ते खरंच वाटत होतं. सायकलवर आलीच होती की!

दुसऱ्या दिवशी उन्हं चढली तशी मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहायला लागली. हाकलली की चार पावलं चालायची, पुन्हा उभी. दुपारी उतार लागला. पिराप्पा मैलाचे दगड मोजत होता. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत जाता जाता सावली सरकत होती. हाच उतार त्या दिवशी बघता बघता संपला होता, आणि अजून नऊ दगड बाकी होते. आपण काय करून बसलो हे त्याला तिथं, त्या दगडापाशी कळलं.

कोकरं आधी बसली. मग माद्या.

"अवं, बघायलाव काय? जावा की!" बाणूबाई ओरडली आणि तिनं पितळी घागर सायकलच्या कॅरिअरला दोरीनं आवळली. एका घागरीनं एवढ्या कळपाचं काय होणार? पण पुढं चालणाऱ्या चार मेंढ्यांना घोटघोट मिळालं असतं तर त्या उठल्या असत्या, आणि त्यांच्या मागं बाकीची. काशाप्पा म्हणाला, "जा. मी हितंच थांबतो."

खाली जायला अर्धा तासही लागला नाही. घागर भरली. आणि वर निघाला. भरल्या घागरीनं पायडल मारवेना, उतरून ढकलायला लागला. सडक तापलेली, चप्पल फाटलेली, सायकल मागं मागं ओढायची. पहिल्या दोन मैलांतच जीभ टाळूला चिकटली. तो थांबला आणि घागरीला तोंड लावलं. पुढं पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. तीनदा प्याला. प्रत्येक वेळी आता बास म्हणायचा, आणि रडायचा, आणि ढकलायचा. ही गोष्ट त्यानं फक्त बाणूबाईला सांगितली, तीही पंधरा वर्षांनी.

दिवस कलताना पोचला. घागर निम्मी होती. दोर सोडायच्या आत पाण्याचा वास लागला आणि जी उठू शकत होती ती सगळी मेंढरं एकदम अंगावर आली. सायकल आडवी, पिराप्पा आडवा, घागर आडवी. मुरमानं पाणी पिऊन टाकलं. मेंढरं ओला मुरूम चाटत राहिली.

पाणी येईल म्हणून काशाप्पा दुपारभर तिथं थांबला होता. थांबला नसता तर आणखी वीस-पंचवीस तरी खाली उतरली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीला पोचली ती एक्केचाळीस. त्यातली सहा अधाशासारखं पाणी पिऊन काठावरच मेली. कोकरू एकही नाही. गुंडेराव रानात काटेरी कुंपण घालून, जागा साफ करून वाट बघत होते. त्यांनी सडकेकडं बघितलं, मागं आणखी कळप येतोय का म्हणून बघितलं, आणि म्हणाले, "अप्पा, येवढीच?" काशाप्पानं मान हलवली. सायकल तिथंच गुंडेरावांच्या गोठ्यात राहिली. कुणी नेली नाही, कुणी मागितली नाही.

चार दिवसांनी तिथून हलताना पिराप्पा सवयीनं काठी घेऊन पुढं उभा राहिला. काशाप्पा त्याच्याजवळ गेला आणि हळूच म्हणाला, "तू मागं राहा."

शिवी दिली असती तर परवडलं असतं. दोन ठेवून दिल्या असत्या तर पिराप्पा पाया पडून मोकळा झाला असता. पण त्या दिवसापासून काशाप्पा गुडघे धरत धरत स्वतः वाट बघायला जायचा, आणि पिराप्पा मागं, लंगड्या मेंढ्यांबरोबर, धुळीत. एकत्र जेवायचे, एका घोंगडीवर बसायचे. बोलायचेसुद्धा. वाटेबद्दल मात्र काशाप्पानं त्याला पुन्हा कधी काही विचारलं नाही. कळपही वाढला नाही. पन्नासच्या वर कधी गेलाच नाही.

अठ्ठेचाळीसच्या, निजामाचं राज्य गेलं त्या गडबडीच्या साली काशाप्पा तापानं गेला. करजगीच्या रानात होते तेव्हा. दिवस घातले, आणि निघायची वेळ आली. जमलेली माणसं म्हणाली, "पिराप्पा, आता थोरला तूच. हो म्होरं."

त्यानं काठी घेतली. कळपाच्या पुढं जाऊन उभा राहिला. समोर साधी पायवाट होती, दोन कोसांवर ओढा होता, पाणी वाहायलं होतं, सगळ्यांना माहीत होतं. त्याचं पाऊल उचलेना. माणसं हाका मारत होती, मेंढरं मागं खोळंबली होती, आणि तो नुसता उभा.

मग बाणूबाई पुढं आली. तिनं त्याच्या हातातली काठी काढून घेतली, पदर खोचला आणि चालायला लागली. मेंढरं तिच्या मागं निघाली. सगळा कळप पुढं जाईपर्यंत पिराप्पा वाटेच्या कडेला थांबला, आणि मग त्यांच्या मागं चालू लागला.