बिनभवानीचे चाळीस पाहुणे

थ्वा आमच्या कालव्याकाठची शेवटची चटईवाली. फार गुणाची म्हणून शेवटची उरली असं नव्हे. बाकीच्यांनी प्लॅस्टिकच्या चटयांपुढे हात टेकले, हिला टेकता आले नाहीत. पडवीत जमिनीवर माग. ती फणी आपटते, मी कडेला बसून लव्हाळ्याची काडी सरकवते. एकटीचं कामच नाही ते. तीस वर्षं आमचे हात आणि तोंडं बरोबरच चालली.

तिची लेक दाओ कान थो शहरात नोकरीला. मागच्या खेपेला आली ती ठरवूनच. "आई, तेतपर्यंत, नव्या वर्षाच्या सणापर्यंत बघू. चटया खपल्या नाहीत तर माग मोडायचा आणि माझ्याकडे राहायला यायचं."

थ्वाचं तोंड एवढंसं झालं. मग दाओनेच वेबसाइट काढून दिली. चटयांचे फोटो, खाली 'स्वर्गीय निद्रेचा अनुभव', आणि कोपऱ्यात आकडा, आज किती जण बघून गेले त्याचा.

तो आकडाच नडला.

"ताई, चाळीस जण येऊन गेले!" सकाळी थ्वा फोन नाचवत आली. "आणि भवानी एकानेही केली नाही!"

"अगं, फोनमध्ये आले, दारात नाही."

"दारातल्याचं निदान तोंड दिसतं, पायगुण कळतो. हे मेले बिनतोंडाचे!"

पहिलं गिऱ्हाईक माल चाळवून रिकाम्या हाताने गेलं, की अपशकुन जायला आमच्यात कागद पेटवून दुकानावरून ओवाळतात. थ्वाने पेटता कागद फोनवरून ओवाळला. माणशी एकदा, म्हणजे चाळीसदा. फोनचं कव्हर वितळलं आणि आकडा एक्केचाळीस झाला.

"आता भवानी तूच कर," ती म्हणाली. "तुझा पायगुण चांगला, अख्खा बाजार सांगतो."

"मीच विणलेली चटई मीच विकत घेऊ?"

"घे. आणि घासाघीस करू नकोस."

दाओने फोनवरून माझ्या नावाने चटई मागवली. वर म्हणाली, "मावशी, चटईबद्दल चार शब्द सांगा, मी खाली लिहिते."

भवानीच्या वेळी खोटं बोलू नये. मी सांगितलं, "चटई घट्ट आहे. रंग जात नाही. डाव्या कडेला एक काडी सैल राहिली, ती सरकवणाऱ्या म्हातारीची चूक. विणणारी तोंडाची तिखट आहे."

"माझ्याच दुकानात माझी अब्रू काढतेस?" थ्वा दोन दिवस बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी सायगावहून मागणी आली. 'म्हातारीची चटई पाठवा. सैल काडीसकट.' मग आणखी सहा. सणापर्यंत एकोणीस.

तेतला दाओ आली, मागाकडे पाहिलं, हात लावला नाही. "बघ आई, वेबसाइटची कमाल."

"ताईच्या पायगुणाची," थ्वा म्हणाली.

माझ्या काडीचं नाव कोणी काढलं नाही.

सण सरला आणि दा लात शहरातून एक चटई परत आली. सोबत चिठ्ठी: 'यात सैल काडी सापडली नाही.'

थ्वाने ती माझ्यापुढे आपटली. "ताई, जरा नीट चूक कर ना!"

माग जागच्या जागी आहे. मी रोज चुकायला बसते. पण मुद्दाम सोडायला गेलं की काडी घट्ट बसते, मेली.