सिमेंटच्या गावात दोन व्याही

आमच्या व्याह्यांना दिसत नाही आणि मला दिसतं, असं आमच्या घरात सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं.

तसं मला दिसत होतंच. ऊस दिसायचा, म्हैस दिसायची, माणूस दिसायचा. ऊस कुणाचा, म्हैस कुणाची आणि माणूस कोण, एवढंच काय ते जवळ गेल्याशिवाय कळत नव्हतं. पण या वयात एवढ्या चौकशा हव्यात कुणाला? मी चौथी नापास माणूस. (मास्तर पुढं ढकलायला तयार होते, मीच गेलो नाही.) त्यामुळं पेपर वाचायचा प्रश्न नव्हता आणि डोळ्यांचं बिंग फुटायचंही कारण नव्हतं.

भानगड झाली ती स्कुटीनं. डेअरीला दूध रोज मीच घालतो. एका सकाळी गाडी सरळ शेजाऱ्याच्या उकिरड्यात शिरली. मी घरी सांगितलं, कुत्रं आडवं आलं. शेजारी सांगत आला, कुत्रं नव्हतं. उकिरड्यात पडलो मी आणि साक्ष देणार हा! पण आमच्या संभाजीनं शेजाऱ्याचं खरं धरलं. म्हणाला, आप्पा, किल्ली द्या आणि डोळ्यांच्या दवाखान्यात चला.

आता माणसाच्या हातातनं गाडीची किल्ली गेली की मागं राहतं काय? उद्या डेअरीपर्यंत जायचं तर पोटच्या पोराला विचारायचं, बाबा, सोडतोस का? मी या घरात कुणाला विचारून पाणीसुद्धा प्यालेलो नाही.

त्याच आठवड्यात व्याही मुक्कामाला आलेले. सूनबाईंचे वडील. गडहिंग्लजच्या बाजूचे, जन्मभर तंबाखू पिकवलेला माणूस. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेत. जेवताना ते म्हणाले, कोल्हापूरजवळ कुणी सिमेंटचं गाव उभं केलंय म्हणे. माणसं, बैल, बलुतेदार, सगळं खऱ्याएवढं. मला ते बघायचंय. 'बघायचंय' असंच म्हणाले. मी लगेच डाव साधला.

"मी दावतो पावण्यास्नी. एकटा. नीट फिरवून आणलं तर किल्लीचं नाव काढायचं न्हाय."

"आणि कायतरी झेंगाट झालं तर?" संभाजी म्हणाला.

"तर किल्ली तुझी. न्हेशील त्या दवाखान्यात येतो."

सूनबाईंना हे पटलं नाही. आपला आंधळा बाप दोघांच्या पैजेत कशाला, असं त्या म्हणाल्या. पण व्याही म्हणाले, जातो की, मला काय हुतंय.

दुसऱ्या दिवशी संभाजीनं आम्हाला जीपमधनं फाटकाशी सोडलं आणि तो मोटारीचा कसलासा भाग आणायला शाहूपुरीत गेला. व्याह्यांनी माझं कोपर धरलं. मी छाती काढून निघालो. फाटकात एकजण हात जोडून उभा होता. मी म्हटलं, रामराम पावणं, तिकीट कुठं मिळतंय? बोलला नाही. पुन्हा विचारलं. तरी नाही. मला राग आला. हात जोडायचे आणि तोंड उघडायचं नाही, ही कुठली रीत? दोन शब्द सुनावणार, तेवढ्यात खिडकीतली पोरगी म्हणाली, "आजोबा, तो पुतळा आहे. तिकीट इकडं."

व्याह्यांना खोकला आला. मी त्यांना सांगितलं, लई हुबेहूब केलंय, म्हणून मुद्दाम बोलून बघितलं.

आत सगळीकडं दोर लावलेले. राखणदारानं बजावलं, पुतळ्यांना हात लावायचा नाही. म्हणजे व्याह्यांना जे दिसणार ते माझ्या तोंडातनंच. मी मागं हटणाऱ्यांतला नाही. पहिल्याच देखाव्याला म्हटलं, "ह्यो न्हावी. गिऱ्हाईकाची दाढी करतुया." पाठीमागं एक मास्तरीण शाळेच्या पोरांना सांगत होती, हे वैद्यबुवा, रोग्याची नाडी बघतायत. मी म्हटलं, पूर्वी न्हावीच वैद्यकी करायचा. पुढं एक धिप्पाड आकृती हात वर करून उभी. लोहार, घण मारतोय, असं सांगितलं. तर शेजारची बाई नवऱ्याला म्हणाली, अहो, हिच्या हातातल्या बांगड्या बघा किती बारीक केल्यात, आणि मुसळ तर खरंच वाटतंय.

व्याही प्रत्येक वेळी नुसतं 'हां' म्हणत होते. त्या 'हां'चीच मला धास्ती.

मग बैल आले. बैल म्हटल्यावर शेतकऱ्याचा जीव राहतो का? त्यांनी विचारलं, "शिंगं कशी हायती?"

"लांब."

"फुडं आल्याली का मागं गेल्याली?"

"दोन्ही."

"एकाच बैलाची?"

मी म्हटलं, उन्हाचं जरा बसू या कुठंतरी.

एव्हाना मला या गावाचा कायदा समजला होता. जे हलत नाही ते सिमेंटचं. एका झाडाखाली कट्ट्यावर एक म्हातारा बसवलेला. पटका, गलमिशा, हातात काठी, मान छातीवर. आणि त्याच्याभोवती दोर नाही! देवानंच सोय केली म्हणायची. इकडं तिकडं बघितलं, राखणदार लांब होता. (म्हणजे मला दिसला नाही.) मी व्याह्यांचा हात धरला आणि म्हटलं, ह्याला हात लावून बघा, कुणी बघत न्हाय. आणि पुतळा किती मजबूत आहे ते दाखवायला त्याच्या पटक्यावर दोन टिचक्या मारल्या.

व्याह्यांची बोटं म्हाताऱ्याच्या कपाळावरनं खाली आली. नाक झालं, मिशा झाल्या, हनुवटीवर बोटं थांबली.

"पावणं," ते हळूच म्हणाले, "ह्येनं आज दाढी केल्या."

"कारागिरी वो."

"आणि श्वास घेतुया."

पुतळ्यानं डोळे उघडले.

पुढचं काय सांगू. तो म्हातारा सांगलीकडचा, लेकीसुनांना घेऊन आलेला, जरा डोळा लागलेला. जाग आली तर एक परका माणूस मिशा चाचपतोय आणि दुसरा डोक्यावर टिचक्या मारतोय! तो काठी घेऊन उठला. त्याच्या लेकीसुना धावल्या, शाळेची पोरं धावली, राखणदार शिट्टी वाजवत आला. राखणदार म्हणाला, तुम्हाला आणलंय कुणी, नंबर सांगा, फोन लावतो.

माझ्या डोळ्यांपुढं किल्ली नाचायला लागली. तेवढी मला अगदी स्वच्छ दिसत होती.

तेव्हा व्याह्यांनी हात जोडले. म्हणाले, "चूक माझी हाय. मला दिसत न्हाय. हे आमचं पावणं बिचारं नगं नगं म्हणत हुतं, मीच ऐकलं न्हाय."

सगळं एकदम थंड झालं. सांगलीकरानं काठी खाली टाकली. तोच ओशाळला. व्याह्यांचा हात धरून त्यानं पुन्हा आपल्या तोंडावर ठेवला आणि म्हणाला, बघा की पावणं, काय बघायचं ते निवांत बघा. व्याह्यांनी मिशांना पीळ असा दिला की त्याच्या सुना तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मग तो माझ्याकडं वळला.

"आणि तुमी वो? चांगलं डोळस माणूस, आंधळ्याला सांभाळाय नगं व्हय?"

आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नाही, ते मी मान खाली घालून ऐकलं. डोळस ही शिवी असते हे मला त्या दिवशी कळलं.

माणसं पांगल्यावर आम्ही ताक घेऊन बसलो. मग व्याह्यांनी विचारलं, "किती दिवस झालं?"

"कशाला?"

"पावणं, बाकीच्यांस्नी फसवा. पायरी आली की आधी पायानं चाचपायचं, कोण बोललं की आवाज वळखूस्तवर खाकरायचं, सगळं मी केलंया. मी बी कुणाला कळू दिलं न्हवतं."

मी म्हटलं, मग?

ते सांगायला लागले. त्यांची बायको शेवटच्या आजारात वाळत चालली होती. हे रोज तिच्याजवळ बसायचे आणि म्हणायचे, आज चांगली दिसतीस. तिला वाटायचं, नवरा धीर देतोय. "मला तिचं तोंडच दिसत न्हवतं," ते म्हणाले. "ती गेली तवा लोक म्हणालं, अगदी मूठभर झाल्ती. मला लोकांकडनं कळलं."

ताकाचा पेला त्यांनी चाचपून खाली ठेवला.

"माझं गेलं ते आता येत न्हाय. तुमचा मोतीबिंदू असंल, निघतो. पर मी घरात बोलणार न्हाय. व्याह्याचं झाकल्यालं व्याह्यानं उघडायचं नसतं."

मी माझं ताक एका दमात संपवलं.

संभाजी आला. मी पुढं बसलो, व्याही मागं. गाडी सुरू करताच त्यानं विचारलं, "काय मामा, झालं का बघून?"

"सगळं दावलं," व्याही म्हणाले. "असा दावणारा मानूस मिळाय नशीब लागतंया."

संभाजीनं गिअर टाकला. मग म्हणाला, बरं आप्पा, जिंकला तुम्ही, किल्ली तुमची.

मी जिंकलो होतो. खरं तर मिशीला पीळ द्यायचा. पण मला एक सारखं खात होतं. सकाळी निघताना आमची कारभारीण दारात उभी राहून म्हणाली होती, बघा तरी, मी कशी दिसतीया? मी झकास म्हटलं होतं. नवी साडी होती, का अंबाड्यात फूल होतं, का तिचं तोंड उतरलं होतं, मला पत्ता नाही. तिला मी नीट बघितलंय ते कधी, तेही आठवेना.

हमरस्ता लागला तसं मी म्हटलं, "संभा, जीप दवाखान्याकडं घे."

"का? काय झालं?"

"डोळं दावायचं हायती."

"मामांचं?"

"माझं."

त्यानं जीप कडेला घेतली, बंद केली आणि वळून माझ्याकडं बघत राहिला. मागं व्याही खोकले. आपण होऊन हरलेला बाप पोरगा पहिल्यांदाच बघत होता. त्या वेळी त्याच्या तोंडावर हसू होतं, का राग होता, का डोळ्यांत पाणी होतं, हे सांगता आलं असतं तर तुम्हालाही बरं वाटलं असतं. पण इतक्या जवळ बसूनही मला कुठं दिसत होतं!