मंगळवारी पिटुकली काय म्हणाली

"बोलली ती, मावशी! इथे लिहिलंय ना!"

"लिहिलंय ते दिसतंय मला. पण बोलली कधी?"

"मंगळवारी. ठोकळ्यांपाशी. 'मी पण लावू का?' असं विचारलं तिनं शेजारच्याला."

"मंगळवारी मी तिथेच फरशी पुसत होते, बाई. माझे गुडघे गेलेत, कान नाही गेले."

बालवर्गाच्या बाई टॅबलेट छातीशी धरून मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या होत्या. अठरा वर्षं असं बसून कंबर कामातून गेली होती, पण नोंदवही कधी चुकली नव्हती. रोज प्रत्येक मुलाच्या दोन ओळी. पेन्सिल अंबाड्यात, वही काखेत. यंदा शाळेनं एआय आणलं. बाईंनी फक्त "पिटुकली, ठोकळे, शेजारी" एवढं बोलायचं, की अख्खा परिच्छेद तयार. वर उद्या तिच्याशी कोणता खेळ खेळावा, तेही. बाई हरखल्याच होत्या. लिहिण्यात जाणारा वेळ मुलांच्या वाट्याला आला होता.

पिटुकली मात्र चार महिन्यांत शाळेत एक अक्षर बोलली नव्हती. वरच्या वर्गात चाळीस मुलं. तिथे शू लागली तरी तोंडानं सांगावं लागतं. बोलत असेल तर ती वर जाणार, नाहीतर आणखी एक वर्ष इथेच. अहवालावर बाईंची सही हवी होती, आणि तिची आई बारा वाजता येणार होती.

"हा फोटो बघा. तोंड उघडं आहे तिचं."

"जांभई देतेय ती!"

बाईंना पिटुकलीचा तो आवाज स्वच्छ ऐकू येत होता. किंचित घोगरा, 'पण'वर अडखळणारा. पण तो मंगळवारी ऐकला, की तेव्हापासून ती ओळ दहादा वाचून कानात बसला? त्यांनी टॅबलेटलाच विचारलं, "हे मी सांगितलं होतं का?" उत्तर झटकन आलं: तुमच्या नोंदीवरून लिहिलं आहे. हवं तर बदलून देतो.

"बघा, लगेच तयार! एवढं ऐकणारा तर आमच्या घरात पण कोणी नाही," मावशी म्हणाल्या.

बाईंना हसू आलं नाही.

बाराला आई आली. उभ्याउभ्याच तिनं अहवाल वाचला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"अगंबाई! घरी अस्संच बोलते हो ती. 'मी पण, मी पण' चालूच असतं."

बाईंनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी फडकं उगाचच पिळलं.

"म्हणजे इथेही बोलली एकदाची!" आईचे डोळे भरून आले होते. "तुम्ही ऐकलंत ना, बाई? कसं म्हणाली? जरा म्हणून दाखवा की."

बाईंनी टॅबलेट खुर्चीवर ठेवला आणि चपला न घालताच, पिटुकलीला स्वतःच्या कानांनी ऐकायला, मुलं खेळत होती त्या अंगणाकडे निघाल्या.